दोन आठवडे, चार आठवडे आणि हाडांचा हिशेब

३ मे २०२५ रोजी सॉव्हरिन्टी या घोड्याने केंटकी डर्बी जिंकली. दोन आठवड्यांनी बाल्टिमोरला प्रीकनेस स्टेक्स होती, तिथे तो गेला नाही. ट्रेनर बिल मॉट यांनी त्याला राखून ठेवले आणि ७ जूनला साराटोगाच्या मैदानावर बेलमाँट स्टेक्समध्ये उतरवले. तीही त्याने जिंकली. दुसरा आला जर्नलिझम. हा डर्बीत दुसरा आलेला, प्रीकनेस जिंकलेला आणि पाच आठवड्यांत तिसऱ्यांदा पळत असलेला घोडा. अमेरिकेतल्या घोडेवाल्यांमध्ये बरीच वर्षे बळावत आलेल्या एका मताला या निकालाने मोठे बळ दिले. ते मत असे: आजच्या थरोब्रेड घोड्याला दोन मोठ्या शर्यतींच्या मध्ये दोन आठवडे पुरत नाहीत. किमान चार हवेत, पाच-सहा मिळाले तर उत्तम. म्हणून ट्रिपल क्राऊनच्या तारखा एकमेकींपासून लांब न्याव्यात.

हे मत आता काही थोड्यांचे राहिलेले नाही. २०१९ मध्ये कंट्री हाऊस, २०२२ मध्ये रिच स्ट्राइक आणि २०२५ मध्ये सॉव्हरिन्टी असे डर्बीचे तीन विजेते प्रीकनेसपासून दूर राहिले. तेव्हा प्रीकनेस भरवणाऱ्या कंपनीनेच २०२३ मध्ये आपली शर्यत डर्बीनंतर चार आठवड्यांवर नेण्याचा विचार जाहीर केला होता. न्यूयॉर्कच्या रेसिंग संस्थेने बेलमाँटची तारीख हलवायला उत्साह दाखवला नाही, म्हणून ते तेव्हा राहिले. मागणी मात्र राहिलेली नाही.

पूर्वपक्ष नीट मांडायचा तर तो असा आहे. ट्रिपल क्राऊन म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन शर्यती: डर्बी सुमारे २००० मीटर, प्रीकनेस सुमारे १९०० आणि बेलमाँट एरवी सुमारे २४०० मीटर. १९६९ पासून वेळापत्रक बहुतेक स्थिर आहे. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी डर्बी, दोन आठवड्यांनी प्रीकनेस, त्यानंतर तीन आठवड्यांनी बेलमाँट. हे वेळापत्रक बसले तेव्हाचा घोडा वेगळा होता, असे या पक्षाचे म्हणणे. १९६० मध्ये अमेरिकेतला शर्यतीचा घोडा वर्षाला सरासरी ११ पेक्षा जास्त वेळा पळत असे, आज तो आकडा ६ च्या आसपास आहे. पैदास वेगासाठी झाली, टिकाऊपणासाठी झाली नाही. अशा घोड्याला दोन आठवड्यांत पुन्हा जुंपणे म्हणजे त्याच्या पायांशी खेळणे. शिवाय डर्बी आणि बेलमाँट यांच्यामध्ये विश्रांती घेतलेला ताजा घोडा दमलेल्याला हरवतो, हे वारंवार दिसले आहे.

यातला शेवटचा मुद्दा मी मान्य करतो, आणि आकड्यांसकट. अफर्म्डने १९७८ मध्ये ट्रिपल क्राऊन जिंकल्यावर २०१५ च्या अमेरिकन फेरोपर्यंत तो कोणालाच जिंकता आला नाही. त्या ३७ वर्षांत १३ घोड्यांनी पहिल्या दोन शर्यती जिंकल्या. त्यांतला आय'ल हॅव अनदर २०१२ मध्ये बेलमाँटच्या आदल्या दिवशी माघारी घेतला गेला. उरलेले १२ बेलमाँटला हरले. या बारांपैकी आठ जणांना ज्या घोड्याने हरवले तो प्रीकनेसमध्ये पळालेलाच नव्हता. २००४ मध्ये स्मार्टी जोन्सला हरवणारा बर्डस्टोन, २०१४ मध्ये कॅलिफोर्निया क्रोमला हरवणारा टोनॅलिस्ट हे त्यांतलेच. ताज्या घोड्याचे पारडे जड असते, यात शंका नको.

पण याच बारांत उरलेले चार आहेत, आणि त्यांच्याबद्दल या वादात फार कमी बोलले जाते. १९८७ मध्ये अलीशीबाला हरवणारा बेट ट्वाइस तिन्ही शर्यती पळाला होता. १९८९ मध्ये संडे सायलेन्सला आठ लांबींनी मागे टाकणारा ईझी गोअरही तिन्ही पळाला होता. टच गोल्ड प्रीकनेस पळून आला होता. आणि १९९८ मध्ये रिअल क्वाएटला अवघ्या नाकाच्या फरकाने हरवणारा व्हिक्टरी गॅलप तर डर्बी आणि प्रीकनेस दोन्हींत दुसरा आलेला, म्हणजे रिअल क्वाएटइतकाच दमलेला घोडा होता. सॉव्हरिन्टी आणि जर्नलिझमच्या बाबतीतही विश्रांतीने सारे उलगडत नाही. बेलमाँटला सॉव्हरिन्टी तीन लांबींनी जिंकला हे खरे. पण डर्बीतही त्याने जर्नलिझमला दीड लांबीने हरवले होते, आणि डर्बीआधी दोघांना मिळालेली विश्रांती जवळपास सारखी होती: एकाला पाच आठवडे, दुसऱ्याला चार. ऑगस्टमध्ये सॉव्हरिन्टीने ट्रॅव्हर्स स्टेक्स दहा लांबींनी जिंकली. तो उजवा घोडा होता. त्याच्या विजयाचे श्रेय पाच आठवड्यांना देणे म्हणजे गुण घोड्याचा आणि कौतुक कॅलेंडरचे. आणि तिन्ही शर्यती पळून दमलेला म्हणून ज्याची कीव केली गेली, त्या जर्नलिझमने सहा आठवड्यांनी न्यू जर्सीत हॅस्केल स्टेक्स जिंकली.

दोन आठवड्यांत घोडा पुन्हा चांगला पळू शकत नाही, हा दावा तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. २०२४ ची प्रीकनेस पाहा. जिंकलेला सीझ द ग्रे डर्बीच्याच दिवशी, त्याच मैदानावर दुसरी शर्यत जिंकून आलेला. दुसरा मिस्टिक डॅन म्हणजे त्या वर्षीचा डर्बी-विजेता. तिसरा कॅचिंग फ्रीडम हाही डर्बी पळालेला. पहिले तिघेही बरोबर दोन आठवड्यांपूर्वी पळाले होते, आणि त्यांच्यामागे ताजे घोडे होते.

मुख्य चूक मात्र याहून खोल आहे. या मतात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेले आहेत. घोडा जिंकण्यासाठी किती दिवस हवेत, हा एक प्रश्न. घोडा धडधाकट राहण्यासाठी काय हवे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवले की ट्रेनरच्या सोयीला प्राणिदयेचा अंगरखा मिळतो. ताज्या घोड्याकडून हरणे म्हणजे बक्षीस जाणे. पाय मोडणे ही निराळी गोष्ट आहे, आणि मला आस्था आहे ती त्या निराळ्या गोष्टीची. तेव्हा तिच्याकडेच वळू.

स्नायूंचा हिशेब लवकर आटोपतो. धावताना रक्तात साठलेले लॅक्टेट काही तासांत निघून जाते. स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा भरायला घोड्याला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो, तरी तो दोन-तीन दिवसांचा मामला. घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार, घटलेले वजन हे सारे काही दिवसांत भरून येते. या बाजूने पाहिले तर दोन आठवडे भरपूर आहेत. काही वर्षांपूर्वीपर्यंत ट्रेनर आणखी एक कारण सांगत: शर्यतीआधी टोचले जाणारे लेसिक्स हे औषध घोड्याचे पाणी काढून टाकते, त्यातून सावरायला वेळ हवा. २०२१ पासून ट्रिपल क्राऊनच्या तिन्ही शर्यतींत लेसिक्सला मनाई आहे. ते कारण संपले, मागणी मात्र वाढतच राहिली.

हाडांचे गणित वेगळे आहे. पाचशे किलोच्या आसपास वजनाचा घोडा ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावतो, तेव्हा एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. नळीच्या हाडावर आणि त्याच्या खालच्या सांध्यावर प्रत्येक टापेला तो भार पडतो. हाड जिवंत असते. भार वाढला की ते स्वतःला जाड आणि घट्ट करते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन केंद्रात डेव्हिड नुनामेकर यांनी कोवळ्या घोड्यांच्या नडग्या दुखण्याचा बरीच वर्षे अभ्यास केला. त्यांनी दाखवून दिले की, नुसत्या लांब आणि संथ रपेटीने नळीचे हाड शर्यतीच्या वेगासाठी घडत नाही. त्याला थोड्या अंतराची, पण नियमित आणि वेगाची दौड लागते. म्हणजे काम टाळल्याने हाड मजबूत होत नाही. योग्य कामाने होते.

पण त्याच कामातून हाडात बारीक बारीक भेगाही साठत जातात. त्या दुरुस्त करण्याची शरीराची रीत अशी की, आधी खराब झालेले हाड पेशी कुरतडून काढतात आणि मग तिथे नवे हाड भरले जाते. रस्ता दुरुस्त करताना आधी तो उखडावा लागतो, तसेच हे. उखडलेल्या टप्प्यात हाड नेहमीपेक्षा पोकळ असते, आणि भरून घट्ट व्हायला आठवडे नव्हे तर महिने लागतात. मेलबर्न विद्यापीठात ख्रिस व्हिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्यतीच्या घोड्यांच्या पायांतील हाडे तपासली. सरावात असलेल्या घोड्यांमध्ये, जास्त भार पडणाऱ्या जागी, ही दुरुस्ती दबलेली आढळली; सराव थांबवून विश्रांतीवर असलेल्या घोड्यांत ती जास्त होती. सराव चालू आहे तोवर शरीर दुरुस्ती पुढे ढकलत राहते, असा याचा अर्थ.

आता चार आठवड्यांच्या मागणीकडे पुन्हा पाहा. हाडाची दुरुस्ती पुरी व्हायला महिने लागत असतील, तर दोनाचे चार आठवडे केल्याने ती पुरी होत नाही. आणि त्या चार आठवड्यांत घोडा विश्रांती घेतो असे ज्यांना वाटते, त्यांनी अमेरिकन तबेल्यातली सकाळ पाहावी. शर्यतीनंतर चार-सहा दिवस घोड्याला फक्त चालवतात किंवा हलकी रपेट देतात. मग रोजची रपेट सुरू होते, आणि बहुतेक तबेल्यांत आठवड्यातून एकदा घड्याळ लावून वेगाची दौड होते. दोन आठवड्यांच्या अंतरात अशी एखादीच दौड बसते, पुष्कळदा ट्रेनर ती गाळतातही. पाच आठवड्यांच्या अंतरात तीन-चार बसतात. म्हणजे शर्यतींमधले दिवस वाढले तसे वेगात कापलेले अंतरही वाढले. घोड्याच्या नळीच्या हाडाला डर्बीचे पाच फर्लांग आणि मंगळवार सकाळच्या सरावाचे पाच फर्लांग यांतला फरक कळत नाही. उरलेला वेळ घोडा कसा घालवतो तेही पाहायला हवे. रेसकोर्सवरच्या तबेल्यात तो दिवसाचे बावीस-तेवीस तास ठाणावर असतो. मोकळ्या कुरणावर स्वतःच्या मनाने चालणे, लोळणे, दुसऱ्या घोड्याबरोबर चरणे यांतले काही त्याच्या वाट्याला येत नाही.

सरावातच घोडे मरतात, हे या वादात का आठवले जात नाही, मला कळत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये डर्बीसाठी आणलेला वाइल्ड ऑन आइस डर्बीच्याच मैदानावर, चर्चिल डाउन्सवर, सकाळच्या सरावात पाय मोडून गेला. त्याची आधीची शर्यत होऊन महिना उलटला होता. २०२१ च्या डिसेंबरात मेडिना स्पिरिट कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता रेसकोर्सवर सरावाची दौड संपवून कोसळला आणि मेला. दोघेही शर्यतींच्या मधल्या त्या तथाकथित विश्रांतीत होते.

शर्यतींतल्या अपघातांकडे पाहिले तरी दिवसांचे गणित जुळत नाही. विरुद्ध पक्षाचा सर्वांत दुःखद दाखला बार्बरोचा. २००६ ची डर्बी साडेसहा लांबींनी जिंकलेल्या या घोड्याचा उजवा मागचा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेसच्या सुरुवातीलाच मोडला. पशुवैद्यकांनी कित्येक महिने झुंज दिली, तरी २००७ च्या जानेवारीत त्याला शेवटी मरण द्यावे लागले. ही घटना कोणीही विसरू नये. पण याच बार्बरोला ट्रेनर मायकेल मॅट्झ यांनी डर्बीआधी मुद्दाम पाच आठवडे विश्रांती दिली होती, आणि तेव्हा जुन्या जाणत्यांनी ती जास्त म्हणून नावे ठेवली होती. २००८ मध्ये डर्बीत दुसरी आलेली एट बेल्स ही घोडी शर्यत संपताच दोन्ही पुढचे घोटे मोडून खाली बसली. तिची आधीची शर्यत जवळजवळ चार आठवड्यांपूर्वीची होती. २०२३ मध्ये प्रीकनेसच्याच दिवशी दुसऱ्या एका शर्यतीत हॅव्हनामेल्टडाउन पडला आणि मेला. तो त्याआधी फेब्रुवारीत सौदी अरेबियात पळाला होता, म्हणजे सुमारे १२ आठवड्यांपूर्वी. दोन आठवडे, चार आठवडे, बारा आठवडे. या तीन मरणांवरून मी कोणताही नियम काढत नाही. पण बार्बरोच्या एका मरणावरून जे नियम काढतात त्यांनी बाकीची दोन मरणे बाजूला ठेवू नयेत.

लांब सुटीचाही स्वतःचा धोका असतो, आणि तो अभ्यासाने सिद्ध झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयात सू स्टोव्हर आणि सहकाऱ्यांनी शर्यतीच्या घोड्यांची मोडलेली हाडे तपासून त्यांचे सरावाचे इतिहास जुळवले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की, दोन महिने किंवा त्याहून जास्त काळ वेगाची दौड न केलेला घोडा परत कामाला लागला की पुढच्या पायाचे खांद्याखालचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. त्याच गटाच्या दुसऱ्या कामात उलट बाजू दिसली: थोड्या काळात वेगाची दौड फार साठली तर जीवघेण्या इजेचा धोका वाढतो. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. धोका दोन शर्यतींमधल्या दिवसांच्या आकड्यात नाही. तो कामाच्या साठ्यात आहे आणि विश्रांतीवरून परत येण्याच्या घाईत आहे. हाड उखडलेले असताना, वरून घोडा टवटवीत दिसतो म्हणून, त्याला पळवले जाते.

इतर देशांकडे पाहू. इंग्लंडमध्ये टू थाउजंड गिनीज मेच्या आरंभी, डर्बी साधारण पाच आठवड्यांनी आणि सेंट लेजर थेट सप्टेंबरात असते. इतकी ऐसपैस जागा असूनही तिथला शेवटचा ट्रिपल क्राऊन १९७० मधल्या निजिन्स्कीचा. जपानमध्येही अंतर मोठे आहे, आणि तिथे डीप इम्पॅक्ट, ऑर्फेव्हर, कॉन्ट्रेल असे विजेते या शतकात झाले. अंतर सारखेच मोठे, निकाल उलटे. अमेरिकेने तर हा प्रयोग स्वतःच्या मैदानावरही पाहिला आहे. २०२० मध्ये करोनामुळे बेलमाँट आधी जूनमध्ये झाली, डर्बी ५ सप्टेंबरला आणि प्रीकनेस ३ ऑक्टोबरला. बेलमाँट जिंकलेला टिझ द लॉ ११ आठवड्यांनी डर्बीत दुसरा आला. मधल्या मोकळ्या काळात त्याला विश्रांती मिळाली नाही, ऑगस्टमध्ये त्याला ट्रॅव्हर्स पळवण्यात आली. डर्बी-विजेता ऑथेंटिक चार आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये स्विस स्कायडायव्हर या घोडीकडून हरला. कॅलेंडरमध्ये जागा झाली की ती भरली जाते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तिथे कॉक्स प्लेट आणि मेलबर्न कप यांच्यात जेमतेम दहा दिवस असतात. २००५ मध्ये मकाइबी दिवा ही घोडी हे दोन्ही जिंकली, आणि तो तिचा सलग तिसरा मेलबर्न कप होता. पण तिथल्या रीतीचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेत नाही. ऑस्ट्रेलियन घोडा काही आठवडे एकामागून एक शर्यती पळतो आणि मग त्याला स्पेलसाठी, म्हणजे सराव पूर्ण बंद करून, कुरणावर सोडले जाते. काम सलग आणि विश्रांतीही सलग.

त्याच मेलबर्न कपने आणखी एक गोष्ट शिकवली. २०१३ ते २०२० या काळात कपमध्ये पळालेले सहा घोडे दगावले, बहुतेक परदेशातून आणलेले. लोकांचा संताप रास्त होता. व्हिक्टोरियाच्या रेसिंग संस्थेने त्यानंतर परदेशी घोड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे केले. हाडात भेग दिसली की घोडा बाद. २०२१ ते २०२४ या चार कपांत एकही घोडा मेला नाही. चार शर्यतींवरून अंतिम निवाडा देता येत नाही हे मी जाणतो. पण कॉलफील्ड कप आणि मेलबर्न कप यांच्यातले अडीच आठवड्यांचे अंतर या काळात तेवढेच राहिले. तारखा हलल्या नाहीत, तपासणी बदलली.

अमेरिकेतली आकडेवारीही हेच सांगते. शर्यतींतल्या मृत्यूंची देशभर पद्धतशीर नोंद सुरू झाली तेव्हा, २००९ मध्ये, दर हजार धावांमागे २ घोडे मरत होते. २०२२ मध्ये ते प्रमाण १.२५ वर आले. या काळात एक घोडा वर्षाला किती वेळा पळतो, ही सरासरी जवळपास तशीच राहिली. जे बदलले ते असे: शर्यतीआधीच्या पशुवैद्यकीय तपासण्या, औषधांवरची बंधने, मैदानाच्या जमिनीची देखभाल, आणि २०१९ मध्ये एका हंगामात ३० घोडे गेल्यावर सांता अनितावर आणलेली पेट स्कॅनसारखी यंत्रे, ज्यांच्यासाठी घोड्याला भूलही द्यावी लागत नाही. मोडण्याआधीच हाड काय सांगते ते ऐकण्याची सोय आता आहे.

प्रामाणिकपणाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या पक्षाचे अनेक जण जुन्या घोड्यांच्या पराक्रमांचे दाखले देतात: १९१९ मध्ये सर बार्टनने डर्बीनंतर चारच दिवसांनी प्रीकनेस जिंकली, मध्ये आणखी एक शर्यत जिंकून मग बेलमाँट जिंकली, सारे ३२ दिवसांत. सायटेशनने १९४८ मध्ये डर्बीच्या चार दिवस आधी एक शर्यत जिंकली होती, आणि त्या एका वर्षात तो २० वेळा पळून १९ वेळा जिंकला. हे दाखले मी पुरावा म्हणून वापरणार नाही. जे घोडे टिकले त्यांचीच नावे उरतात, आणि त्या काळी मेलेल्यांची नीट मोजदाद नव्हती. सायटेशनची पुढची कथा तर उलटच सांगते. त्या वर्षानंतर दुखावलेल्या घोट्यामुळे १९४९ चे संपूर्ण वर्ष तो पळू शकला नाही. त्याचे नुकसान डर्बी आणि प्रीकनेसमधल्या पंधरवड्याने केले नाही. सलग विश्रांतीशिवाय वर्षभर पळवल्याने केले, असे मला वाटते.

मग एवढ्या हुशार ट्रेनरांना चार आठवडे का हवेत? यात दुष्टपणा नाही, पैशांचे गणित आहे. जिंकलेल्या घोड्याची खरी किंमत आज शर्यतीच्या बक्षिसात नसून पैदाशीत आहे. फ्लाइटलाइन आयुष्यात फक्त सहा वेळा पळाला, सहाही वेळा जिंकला. २०२२ मध्ये त्याचा अडीच टक्के वाटा ४६ लाख डॉलरला विकला गेला, म्हणजे सबंध घोड्याची किंमत १८.४ कोटी डॉलर ठरली. अशा बाजारात एक पराभव शंभर दिवसांच्या सरावापेक्षा महाग पडतो. कमी पळवा, प्रत्येक वेळी ताजा पळवा, जिंका आणि घरी न्या, हा सल्ला मालकाला परवडतो. घोड्याच्या हाडाला त्याने काही मिळते का, हा प्रश्न त्यात येतच नाही. मोठ्या शर्यतींच्या तारखा लांबवल्याने जो घोडा वाचेल असे सांगितले जाते, तो देशातल्या शे-दोनशे नामवंत घोड्यांतला असतो. स्वस्त क्लेमिंग शर्यतींत दर वेळी नव्या मालकाकडे जाणारा, ज्याचा जुना दुखापतीचा इतिहास नव्या तबेल्याला ठाऊकच नसतो, तो घोडा या चर्चेत कुठेच नाही. मला त्याची काळजी जास्त वाटते.

सलग काम आणि सलग विश्रांती ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. १६९४ च्या सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था सांगितली आहे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीला यावे, घोड्यांसाठी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे आधीच तयार असावीत, आणि दसरा झाला की कूच करावे. पुढे महिनोन् महिने मुलूखगिरीत ते घोडे रोज मैल तुडवत. त्या घोड्याचे काम आणि आजच्या थरोब्रेडचे काम एक नाही, वेगही एक नाही. पण वर्षाचा एक सबंध हिस्सा जनावराचा आहे, हे ज्या व्यवस्थेने गृहीत धरले, तिने विश्रांती दोन मोहिमांमधल्या दिवसांत मोजली नव्हती. आजही आपल्या पश्चिम भारतात कॅलेंडर अनुकूल आहे. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन एप्रिलच्या सुमारास संपतो, पुण्याचा जुलैत सुरू होतो. इंडियन टू थाउजंड गिनीज डिसेंबरात, डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आणि सेंट लेजर काही महिन्यांनी पुण्यात. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स बंद असण्याच्या त्या महिन्यांत घोडा खरोखर मोकळा सुटतो की पुण्यासाठी ठाणावरच तयार होत राहतो, हे रेसकोर्सचे वेळापत्रक ठरवत नाही. तबेला ठरवतो. आपल्या रेसप्रेमींनीही तिकडे पाहावे, असे मला वाटते.

तेव्हा माझा उत्तरपक्ष असा. ट्रिपल क्राऊनच्या तारखांना हात लावू नये, कारण त्याने घोड्याचे काही भले होत नाही आणि भले केल्याचे समाधान मात्र मिळते. त्याऐवजी प्रत्येक घोड्याला वर्षातून एकदा सलग काही महिने सरावाबाहेर, तबेल्याबाहेर, कुरणावर काढणे बंधनकारक करावे, आणि परत आल्यावर वेगाच्या पहिल्या दौडीआधी त्याचे पाय स्कॅन करावेत, कारण धोक्याचा काळ नेमका तो आहे. सकाळच्या वेळ लावलेल्या दौडींची नोंद अमेरिकेत आधीच प्रसिद्ध होते. ती शर्यतींच्या नोंदीशी जोडून प्रत्येक घोड्याने गेल्या दोन महिन्यांत किती फर्लांग वेगात कापले याची बेरीज ठेवावी, आणि बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर गेली की प्रवेश नाकारावा. देशभरच्या शर्यतींसाठी सुरक्षा नियम करणारी संस्था २०२२ पासून कामाला लागली आहे. हे नियम करण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. पैशांची अडचण कोणी पुढे करू नये. २०२४ पासून डर्बीचे बक्षीस ५० लाख डॉलर आहे, आणि त्या शर्यतीत जास्तीत जास्त वीस घोडे पळतात. वीस घोड्यांच्या ऐंशी पायांचे स्कॅन, प्रवेशाची अट म्हणून, डर्बीपासून सुरू करावेत. पुढच्या वर्षी प्रीकनेसला, त्यापुढच्या वर्षी त्याच दिवशीच्या क्लेमिंग शर्यतींना.